कंपनी फ्रंटला पुन्हा टाळ्या मिळवून द्यायच्या असतील तर

मैदानाच्या मागच्या बाजूला ऐंशी वादक प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवत असतात. सूर ऐकू येतात, पण भिंतीपलीकडून आल्यासारखे. मग दोन मात्रांत सगळे वळतात, वाद्यांची तोंडं एकदम आपल्याकडे होतात आणि मैदानभर पसरलेली एकच सरळ रांग चालत अंगावर येते. पोटात काहीतरी हलतं. लोक उठून उभे राहतात.

ही कंपनी फ्रंट. अमेरिकेतल्या ड्रम कोरच्या खेळातली ही सगळ्यात ओळखीची आकृती. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिला टाळ्या देत आले आहेत आणि जाणकार तितक्याच सातत्याने ‘पुन्हा तेच’ म्हणत आले आहेत. दोघांचंही खरं आहे, असं मला वाटतं. म्हणूनच हे लिहिते आहे.

मी इंडियानातल्या एका शाळेच्या मार्चिंग बँडला ड्रिल, म्हणजे मैदानावर चालत आकृत्या करणं, शिकवते. त्याआधी तीन उन्हाळे एका कोरमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य घेऊन चालले आहे. इथल्या बँडमध्ये आता बरीच मराठी मुलं दिसतात. त्यातली काही विद्यार्थी-प्रमुख होतात आणि त्यांच्यावर छोटे शो बसवायची वेळ येते. शिवाय गणपतीच्या मिरवणुकीसाठी इथे ढोल-ताशा पथकं चालवणारी मंडळीही मला विचारतात, की रांगा-वर्तुळांपलीकडे काय करता येईल? या सगळ्यांसाठी, आणि स्टँडमध्ये बसून हे पाहणाऱ्या आईबाबांसाठी, मला जे जमलं आणि जे चुकलं ते क्रमाने मांडते.

आधी खेळाची थोडी ओळख

ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही संस्था 1972 साली सुरू झाली. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अंतिम स्पर्धा झाली आणि अनाहाइम किंग्जमेन जिंकले. आता अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होते. कोरमध्ये पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारी कलर गार्ड असते. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना जागा नाही. शाळेच्या बँडमध्ये मात्र ती असतात. मोठ्या कोरमध्ये दीडशेहून अधिक मुलं-मुली असतात, साधारण एकविशीपर्यंतच्या वयाची.

गुण शंभरपैकी. त्यातले 40 ‘जनरल इफेक्ट’चे, 30 दृश्याचे, 30 संगीताचे. म्हणजे शो पाहून मनावर काय परिणाम झाला, याला सगळ्यात मोठा वाटा आहे. टाळ्यांच्या जागा शोधण्याचा मोह कुठून येतो, ते यावरून कळेल.

पूर्वीचं ड्रिल लष्करी वळणाचं होतं: मैदानाच्या मधोमध असलेल्या पन्नास यार्डच्या रेषेच्या डावीकडे जे, तेच उजवीकडे. 1983, 84 आणि 85 अशी सलग तीन वर्षं गारफील्ड कॅडेट्स जिंकले, तेव्हा त्यांचे ड्रिलकार जॉर्ज झिंगाली यांनी ही समान वाटणी मोडून टाकली. आकृत्या वाकू लागल्या, वितळू लागल्या, एकातून दुसरी निघू लागली. त्यानंतर सरळ रांग ‘जुनी’ ठरायला हवी होती. तसं झालं नाही. उलट, वाकड्यातिकड्या प्रवाहानंतर आलेली सरळ रांग आणखी उठून दिसू लागली.

घासून गुळगुळीत झालेल्या जागा

शो बसवायला घेण्याआधी नेहमीच्या आकृत्यांची ओळख हवी. कंपनी फ्रंट तर झालीच. मग फिरता चौकोन: पूर्ण बँड एका ठोकळ्यात उभा राहून स्वतःभोवती फिरतो. फुलणारं वर्तुळ: मधोमध दाटलेला घोळका फटाक्यासारखा उघडतो. आरपार जाणं: दोन रांगा समोरासमोर येतात आणि एकमेकींतून निघून जातात. पुढच्या रेषेजवळ कमान करून, पाय रोवून, जीव तोडून वाजवणं; त्याला इथे ‘पार्क अँड बार्क’ म्हणतात. आणि एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, सगळ्यांनी एकदम पाय उडवत केलेली रांग.

काही आकृत्या मात्र एकेका कोरच्या घरच्या आहेत. मॅडिसन स्काउट्सचं फ्लर-डी-ली हे चिन्ह, कॅस्परच्या ट्रूपर्सचा सनबर्स्ट, सँटा क्लारा व्हॅनगार्डचा सत्तरच्या दशकापासूनचा बॉटल डान्स. यांना मी वापरून जुनी झालेली म्हणणार नाही. रिंगण दरवर्षी तेच असतं, अश्व तसाच धावतो, तरी माणसं तासन्‌तास उन्हात थांबतात. घरची आकृती ही त्या जातीची गोष्ट आहे. पण तीच उचलून तुमच्या शाळेच्या शोमध्ये टाकली, तर मागे तो इतिहास नसतो, उरते फक्त आकृती.

मग या जागा टाळाव्यात का? 1993 साली स्टार ऑफ इंडियानाने आपल्या शोमधून नेहमीच्या टाळीच्या जागा जवळपास काढूनच टाकल्या. बरेच प्रेक्षक नाराज झाले, हुर्योसुद्धा उडवली गेली. तरी कोर 0.1 गुणाने दुसरा आला आणि आज तो शो अनेकांना काळाच्या पुढचा वाटतो. तो मार्ग खुला आहे. पण त्यासाठी त्या दर्जाचं वादन आणि शरीराची तयारी लागते. शाळेच्या बँडने ते नुसतं वरून उचललं, तर प्रेक्षकांच्या हाती काहीच लागत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. तबल्याची साथ ऐकताना सम कुठे येणार हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. तिहाई सुरू झाली की मान डोलायला तयार होते. सम नवी नसते, नवा असतो तिथवरचा रस्ता. दाद मिळते ती नेमकं, न घसरता, पण अंदाज किंचित चुकवून समेवर येण्याला. कंपनी फ्रंट ही सम आहे. लोक कंटाळले आहेत ते तिला नाही, तिच्याकडे जाणाऱ्या त्याच त्या रस्त्याला. पुढचं सगळं या रस्त्याबद्दल आहे.

पायरी पहिली: आकृती काढण्याआधी गाणं ऐका

संगणकावर पायवेअर हे ड्रिल आखायचं सॉफ्टवेअर उघडून ठिपके मांडायची घाई करू नका. रेकॉर्डिंग दहा वेळा ऐका आणि कागदावर फक्त तीन गोष्टी लिहा: आवाज कुठे सगळ्यात मोठा होतो, चाल कुठे बदलते, आणि कुठे क्षणभर सगळं थांबतं. मोठी आकृती यातल्या एकाच ठिकाणी येऊ शकते.

सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा हमखास योग्य वाटते, पण थोडं थांबा. पितळी वाद्य ज्या दिशेला तोंड, त्या दिशेला आवाज फेकतं. पाठमोरा वाजवणारा बँड वळला, की एकही सूर न वाढवता आवाज एकदम उसळतो. तेव्हा आवाज आधीच शिगेला पोचला असेल, तर वळण्याचा हा फायदा वाया जातो. मी शिखराच्या चार किंवा आठ मात्रा आधीची जागा निवडते. वळणं आवाज वाढवतं आणि वादक वर त्यात स्वतःची भर घालतात.

आणि एका शोमध्ये एकच. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी दुसऱ्या गाण्याच्या शेवटी कंपनी फ्रंट ठेवली. सरावात ती इतकी छान दिसली की शेवटच्या गाण्यातही तीच ठेवली. सप्टेंबरमधल्या शुक्रवारी रात्री मी पालकांमध्ये बसले होते. पहिल्या वेळी स्टँड दणाणलं. दुसऱ्या वेळी रांग आली, आवाज आला, टाळ्या आल्या, पण माणसं बसूनच राहिली. शेजारी बसलेल्या एका मुलाच्या आजी नाशिकहून आल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा बँड पाहत होत्या. माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, “अगं, हे मघाशी झालं की.” नऊ मिनिटांच्या शोमध्ये पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसालाही पुनरावृत्ती कळते. त्यासाठी तीस वर्षं कोर पाहिलेले असावे लागत नाहीत.

पायरी दुसरी: पायांचं गणित

इथे थोडा वेळ द्या, बहुतेक चुका इथेच होतात.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान गोललाइनपासून गोललाइनपर्यंत 100 यार्ड लांब आणि 160 फूट रुंद असतं. दर पाच यार्डांवर रेषा. ड्रिलमधलं मूळ पाऊल म्हणजे ‘एट टू फाइव्ह’: पाच यार्डांत आठ पावलं, प्रत्येक पाऊल 22.5 इंच. म्हणजे पूर्ण लांबी 160 पावलं.

आता ऐंशी पितळी वादक, दोघांमध्ये दोन पावलांचं अंतर. मध्ये 79 जागा, गुणिले दोन, म्हणजे 158 पावलं. रांग या गोललाइनपासून त्या गोललाइनपर्यंत जाते. मोठ्या कोरची रांग मैदानभर पसरलेली वाटते, ती अशी. तुमच्याकडे चाळीसच असतील, तर त्याच अंतराने रांग 78 पावलांची होते, साधारण 49 यार्डांची. एका बाजूच्या पंचवीस यार्डांच्या रेषेपासून दुसरीकडच्या पंचवीसपर्यंत. मोह होतो की अंतर चार पावलं करावं आणि मैदान भरून टाकावं. करू नका. माणसामाणसात सात-साडेसात फूट जागा पडली की डोळ्याला रांग दिसत नाही, सुटे सुटे ठिपके दिसतात; आवाजही विरळ होतो. चाळीस जणांसाठी मी दोन पावलंच ठेवते आणि रांगेच्या दोन्ही टोकांना, किंचित मागे, कलर गार्डचे मोठे झेंडे उभे करते. रांग लांबल्याचा भास होतो आणि सूर एकत्र राहतात.

फिरत्या रांगेचं गणित आणखी कठोर आहे. समजा 20 पावलं लांब रांग एका टोकाभोवती पाव वर्तुळ फिरवायची आहे. बाहेरच्या टोकाच्या मुलाला 31 पावलांहून थोडं जास्त अंतर कापायचं असतं. ते 16 मात्रांत दिलं, तर त्याचं एकेक पाऊल 44 इंचांचं होतं. ते चालणं राहत नाही, ती धाव असते, आणि त्याच्या तोंडाला ट्रंपेट लावलेला असतो. 24 मात्रा दिल्या की पाऊल साधारण 30 इंचांवर येतं. लांब, पण शिकवता येण्यासारखं. 32 मात्रांत ते मूळच्या साडेबावीस इंचांच्या आसपास येतं. कागदावर रांग फिरवणं सोपं असतं. ते टोकाच्या मुलाच्या पायाने मोजा.

आरपार जाण्याबद्दल एवढंच: दोन पावलांच्या अंतरातून ट्रंपेट जातो, सूसाफोन, म्हणजे अंगाभोवती घेतलेली मोठी ट्यूबा, आणि बेस ड्रम जात नाहीत. त्यांच्या वाटेवर चार पावलांची मोकळीक ठेवा.

पायरी तिसरी: रांग लपवा

आता खरा रस्ता. कंपनी फ्रंट फसते कारण ती वीस सेकंद आधी दिसते. बँड हळूहळू मागे सरकू लागला, दोन्हीकडे पसरू लागला, की जाणकार प्रेक्षक पॉपकॉर्न खाली ठेवून वाट बघायला लागतात. त्यांना सम कळलेलीच असते. पण तिहाईसुद्धा अशी वाजवावी लागते की शेवटच्या ‘धा’पर्यंत क्षणभर वाटावं, हा चुकतोय की काय.

शेवटच्या 32 मात्रा मी दोन भागांत तोडते. पहिल्या 16 मध्ये अशी आकृती, जिच्यातून रांग निघेल असं वाटत नाही. उदाहरणार्थ, एका बाजूला वाकलेल्या दोन कमानी, एक पुढे, एक मागे, दोन्ही पन्नासच्या रेषेपासून सरकवलेल्या. सममिती दिसली की रांग हुंगता येते. ती मोडून ठेवा. दुसऱ्या 16 मध्ये दोन्ही कमानी सरळ होत एकीत मिसळतात. चाळीस माणसं, दोन कमानी, प्रत्येकी वीस. मागच्या कमानीतला प्रत्येक जण पुढच्या कमानीतल्या दोघांच्या मधल्या जागेत येतो. कागदावर हे करताना मी आधी शेवटची रांग मांडते आणि मग उलट, मागे मागे चालत सुरुवातीकडे जाते. नेमकी सम पकडायची असेल तर तिहाईही समेपासून मागे मोजूनच बांधतात.

मला सगळ्यात आवडणारी युक्ती लहानशी आहे. रांग चार जणांनी अपुरी ठेवा. पन्नासच्या रेषेवर, बरोबर मधोमध, खिंडार. बाकी सगळे पोचलेले, थांबलेले. प्रेक्षकांचे डोळे त्या रिकाम्या जागेवर खिळतात, कोणालाही ते सांगावं लागत नाही. आणि शेवटच्या चार मात्रांत ते चौघे मागून, ड्रमलाइनच्या (चालत्या तालवाद्यांच्या तुकडीच्या) आडून, आत येतात. शेवटच्या मात्रेवर खिंडार बुजतं, पुढच्या मात्रेवर सगळे वळतात. रांग जुनीच आहे. पण लोकांनी ती पुरी व्हायची वाट पाहिली, म्हणून ती त्यांची झाली.

या चौघांना निवडताना सर्वांत चांगला वादक शोधू नका. ज्यांची पावलं पक्की आहेत असे निवडा. एक मात्रा उशीर झाला तर अख्ख्या बँडची मेहनत त्यांच्या डोक्यावर येते. हे ओझं कोणावर टाकतोय याचा विचार करा, आणि त्यांना सरावात सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त वेळ द्या.

तिरपी रांग हा दुसरा मार्ग. मैदानाच्या कर्णावर रांग उभी करायची आणि चालता चालता तिला सरळ करायचं. दिसायला भव्य. पण एक टोक लांब जातं, दुसरं जवळजवळ जागेवर राहतं, म्हणून वर सांगितलेलं गणित इथे पुन्हा मांडा.

पायरी चौथी: आवाज हवेतून चालत येतो

आवाज सेकंदाला सुमारे 1125 फूट जातो. वेगवान वाटतं, पण मैदान मोठं आहे. 80 यार्डांची रांग म्हणजे 240 फूट. एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत एक मात्रा 0.375 सेकंदाची, म्हणजे पोचायला अर्ध्या मात्रेहून जास्त वेळ. रांगेतली मुलं एकमेकांना ऐकून वाजवू लागली, तर रांग दिसेल सरळ आणि ऐकू येईल विस्कटलेली.

म्हणून ड्रमलाइन रांगेच्या मधोमध, थेट मागे ठेवा. तिचा आवाज आणि पुढच्या वादकांचा आवाज मग जवळजवळ एकत्र प्रेक्षकांकडे निघतो. ड्रमलाइन ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभं राहून हातांनी ताल देणाऱ्याच्या, हातांवर वाजवते, रांगेतला मधला तिसरा हिस्सा मागून येणारी ड्रमलाइन ऐकतो. टोकाच्या मुलांनी मात्र कानावर विसंबू नये. त्यांनी ड्रम मेजरचे हात बघायचे आणि स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवायचा. आणि पुढच्या रेषेवर उभी असलेली मरिम्बा-व्हायब्राफोनची पिट ऐकून मैदानावरच्या कोणीच वाजवू नये. तो आवाज मागे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि त्याला धरून वाजवलेला सूर प्रेक्षकांपर्यंत पोचताना आणखी उशिरा येतो.

ट्यूबा आणि सूसाफोन मी रांगेत सारखे वाटत नाही. मधल्या तिसऱ्या हिश्शात ठेवते. खर्ज ड्रमलाइनजवळ राहिला की सगळ्यांना पाय ठेवायला जमीन मिळते.

पायरी पाचवी: सरळ रांग सरळ करणं

पहिल्याच शो-बैठकीला मुलांना मी एक गोष्ट दाखवते. मैदानावरच्या पाच-पाच यार्डांच्या रेषा पुढून मागे जातात. कंपनी फ्रंट त्यांना आडवी छेदते. म्हणजे आपण डावी-उजवीकडे कुठे आहोत हे प्रत्येकाला पायाखाली बघून कळतं, पण पुढे-मागे कुठे आहोत हे सांगणारी सलग रेषा नाही. आहेत त्या फक्त हॅशच्या लहान खुणा, मैदानाच्या लांबीला समांतर अशा दोन ओळींत. सोपी दिसणारी आकृती अवघड आहे ती एवढ्यासाठी.

ती वाकते तेही ठरलेल्या रीतीने. मधली मुलं जोशात येतात, ड्रमलाइन त्यांच्या मागे गडगडत असते, त्यांची पावलं मोठी होतात. टोकाची मागे राहतात. वरून पाहिलं की रांग केळ्यासारखी. “सरळ करा, सरळ करा” ओरडून हे जात नाही. मी तीन गोष्टी करते.

एक, दोरी. रांग जिथे उभी राहणार तिथे आणि जिथवर चालणार तिथे, अशा दोन दोऱ्या मैदानभर ताणते. वाद्यं बाजूला. आठ पावलं, थांब. सोळा पावलं, थांब. दोरीवर बूट आला की नाही, प्रत्येकाने स्वतः बघायचं. पाच-सहा वेळा झालं की दोरी काढते. मग वाद्य हातात, पण न वाजवता. मग वाजवत. ही तिन्ही कामं एकदम करायला लावली की पाय बिघडतात आणि एकदा बिघडलेला पाय दुरुस्त करायला आठवडा जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे मधला थांबा. शाळेच्या मैदानावर पुढची हॅश प्रेक्षकांजवळच्या सीमारेषेपासून साधारण 28 पावलांवर असते, आणि दोन हॅशमध्येही तितकंच अंतर. मी चाल अशी मांडते की रांग सोळाव्या मात्रेवर हॅशवर पडेल. चालताना मुलांना एवढंच लक्षात ठेवायचं: सोळाला हॅश. तिथे जो मागे आहे त्याला उरलेल्या पावलांत सावरायला वेळ मिळतो.

तिसरी, डोळे. मान वळवायची नाही. डोळ्यांच्या कडेने डावीकडची दोन आणि उजवीकडची दोन माणसं दिसायला हवीत, एवढंच. मधल्याकडे बघून रांग धरायची असं शिकवलं, की मधल्याची प्रत्येक चूक टोकापर्यंत जाते. माझ्या बँडमध्ये एक बारीकशी मुलगी फ्रेंच हॉर्नऐवजी मेलोफोन घेऊन रांगेत तेराव्या जागेवर होती. कायम अर्धं पाऊल मागे. सगळे तिला ‘पुढे ये’ म्हणायचे. मी एक दिवस तिच्या मागे तीस पावलं चालले, फक्त टाचा बघत. तिचा दोष नव्हता. तिच्या डावीकडचा मुलगा वळताना उजव्या पायाने एक छोटं पाऊल मागे घेत होता आणि ती प्रामाणिकपणे त्याला धरून चालत होती. त्याचं वळणं दुरुस्त केलं आणि सातव्यापासून पंधराव्या जागेपर्यंतची रांग त्याच संध्याकाळी सरळ झाली. वाकलेली रांग दिसली, की जो मागे आहे त्याच्याकडे बघण्याआधी त्याच्या शेजाऱ्यांकडे बघा.

वळणं स्वतंत्र बसवा. दोन मात्रा: पहिलीवर डावा पाय, दुसरीवर शरीर आणि वाद्य एकदम. हे रोज पाच मिनिटं, बाकी काहीही नाही. प्रेक्षकांना जो धक्का बसतो तो चालण्याचा नसतो, या दुसऱ्या मात्रेचा असतो.

पायरी सहावी: कुठून दिसतं ते बघा

संगणकावरचं ड्रिल आकाशातून पाहिलेलं असतं. परीक्षक उंचावर बसतात, त्यांना जवळपास तसंच दिसतं. पण शाळेच्या मैदानावरची स्टँड बुटकी असतात. तिथून वर्तुळ चपटं होतं, फुलणारी आकृती नुसता घोळका वाटते, फिरत्या चौकोनाचे मागचे दोन कोपरे दिसतच नाहीत. आडवी रांग मात्र खालच्या पायरीवरूनही रांगच दिसते. शाळांमध्ये कंपनी फ्रंट इतकी टिकून आहे याचं हेही एक साधं, खरं कारण आहे. तुमची स्टँड बुटकी असतील तर वर्तुळापेक्षा रांग निवडा, आणि वर्तुळ हवंच असेल तर मागची बाजू झेंड्यांनी उंच करा. ढोल-ताशा पथकांना तर हे जास्तच लागू आहे. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला, तुमच्याच उंचीवर उभे असतात. वरून फोटोत दिसणाऱ्या आकृतीवर महिनाभर घालवू नका. दोन रांगा एकमेकींतून गेल्या, मध्ये वाट उघडली आणि तिथून ध्वज पुढे आला, हे कोणत्याही उंचीवरून दिसतं.

पायरी सातवी: रांगेतून बाहेर पडणं

यावर सगळ्यात कमी वेळ दिला जातो. रांग पुढच्या रेषेपर्यंत आली, लोक उभे आहेत, आणि मग बँड वळून पुढच्या आकृतीकडे सरपटत निघतो. टाळ्या मध्येच तुटतात. रांग जिथे थांबते तिथे निदान चार मात्रा तिला तशीच राहू द्या. मग सगळ्यांना एकदम हलवू नका. टोकांकडून सोडवा, आतल्या बाजूला, दर दोन मात्रांना दोन माणसं, आणि मधले वाजवत राहोत. आवाज पातळ होत जातो, नजर आपोआप मध्ये येते, आणि तिथे तुमचा एकल वादक उभा करता येतो. मोठ्या आवाजानंतर एका ट्रंपेटचा एकटा सूर फार दूरपर्यंत जातो.

शोच्या दिवशी

दुसऱ्याच्या मैदानावर गेलात की आधी हॅश मोजा. कॉलेजच्या मैदानावर ती पुढच्या सीमारेषेपासून 32 पावलांवर असते, शाळेच्या मैदानावर 28. तुमची मुलं ‘सोळाला हॅश’ एवढं घोकून आली असतील, तर तिथे अख्खी रांग चार पावलं मागे थांबेल आणि सगळ्यांना वाटेल आपण बरोबर आहोत. म्हणून दार उघडलं की मी चौघांना घेऊन मैदानात जाते, त्या खिंडार बुजवणाऱ्या चौघांनाच. ते सीमारेषेवर टाचा लावतात, डावा पाय उचलतात आणि मोठ्याने मोजत मागे हॅशपर्यंत चालत जातात. जो आकडा येईल तो परत येऊन सगळ्यांना सांगतात. मग प्रत्येक जण आपल्या डॉट बुकात, म्हणजे मैदानावरच्या स्वतःच्या जागा लिहिलेल्या वहीत, जुना आकडा खोडतो, पेन्सिलीने नवा लिहितो, आणि वही कमरेच्या पिशवीत परत जाते.